दुसऱ्या हाताचं बटण

आमची पल्टण तेव्हा पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत छावणीत होती. मी पल्टणीचा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. गाव आष्टा. एके दिवशी वरून सिग्नल आला, की नव्या स्वदेशी पिस्तुलाची ट्रायल आहे, एक आर्मरर आणि चार फायरर पाठवा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की चौघांपैकी एक डावखुरा हवा.

सुभेदार साहेबांनी फॉल-इनवर विचारलं, "लेफ्ट हँड वाला कौन है? हाथ खड़ा करो."

एकही हात वर झाला नाही. गुरुजींची छडी आणि ट्रेनिंगमधल्या उस्तादांच्या शिव्या खाऊन सगळे उजवे झालेले. साहेब वस्ताद माणूस. त्यांनी मेसमधून संत्र्यांची टोपली मागवली. रांगेतल्या एकेकाकडे संत्रं फेकायचं आणि म्हणायचं, "वापस." पोरं उजव्या हातानं परत फेकत गेली. नाईक आनंदा माळीनं मात्र डाव्या हातानं असं सणसणून फेकलं, की साहेबांची टोपी थोडक्यात वाचली.

"हाथ क्यों नहीं उठाया?"

"साहब, मैं तो रायफल राइट से चलाता हूँ."

खोटं नव्हतं ते. आनंदा कवठे महांकाळ तालुक्यातला, माझ्याच जिल्ह्याचा, म्हणून आमची उठबस होती. जेवायला, लिहायला, सल्यूटला, सगळीकडे त्यानं उजवा हात लावून घेतला होता. फक्त पिस्तूल त्याला डाव्याच हातात जमायचं आणि तिथंच त्याची पंचाईत व्हायची. आमच्या जुन्या पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, सोडायचं बटण डाव्या अंगाला. उजव्या हातात धरलं की अंगठा आपोआप त्यावर येतो. डाव्या हातात धरलं की अंगठा राहतो पलीकडे, आणि बटणासाठी बोट वाकडं करत बसावं लागतं. उस्ताद त्याला म्हणायचे, पिस्तूल बरोबर आहे, तूच उलटा आहेस.

ट्रायलच्या रेंजवर आम्हाला पिस्तुलाआधी एक बादली दिसली. तिच्यात शाडूची माती भिजवलेली. बादलीशेजारी डिझाइन करणाऱ्या कानिटकर मॅडम उभ्या होत्या, मूळच्या वाईच्या. आम्ही दोघं सांगलीकडचे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

"मातीचा गोळा घ्या आणि पिस्तूल धरता तसा घट्ट धरा," त्या म्हणाल्या. "मूठ कशी बनवायची ते मला तुमच्या हातांकडून शिकायचंय."

मी आनंदाच्या कानात म्हणालो, "गड्या, गणपती करायला बोलावलंय वाटतं आपल्याला." आनंदानं उजवा हात पुढं केला. मॅडम म्हणाल्या, "हा नाही. ज्यानं फायर करता तो द्या." त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग डाव्या हातात गोळा घेऊन दाबला.

मला लहानपणापासून खोड आहे, दिसेल ते उघडून बघायची. ते पिस्तूल हातात आल्यावर मी मॅडमना भंडावून सोडलं. सांगाडा प्लास्टिकचा होता. मी म्हणालो, "मॅडम, हा तर टिफिनचा डबा झाला."

त्या हसल्या. "पितळी कळशी पडली की पोचा येतो, आणि तो राहतो. हे वाकतं आणि परत जागेवर येतं. शिवाय गंजत नाही."

"आणि सेफ्टी? माझा अंगठा खटका शोधून दमला."

"ट्रिगरच्या मधे बारीक पट्टी आहे बघा. ती दबल्याशिवाय ट्रिगर मागं येत नाही. बोट ट्रिगरवर ठेवाल तेव्हाच ती दबते."

पुढं कितीतरी दिवस आम्हा सगळ्यांचे अंगठे तो नसलेला खटका शोधत राहिले. हाताची सवय मोडणं महाकठीण. पण आनंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो मॅगझिनचं बटण बघत होता. ते दोन्ही अंगांना होतं. त्यानं डाव्या अंगठ्यानं दाबलं, मॅगझिन खाली आलं. परत लावलं, परत दाबलं.

"आर्मरर, हे बघ की रं. आपल्यासाटी बी केलंय," तो म्हणाला. नवा बैल दारात आल्यावर माणसाचं तोंड जसं होतं तसं त्याचं झालं होतं.

धूळ, पाणी, चिखल, गारठा, सगळ्यातून पिस्तूल पास होत गेलं. शेवटी अडथळे होते. पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून भिंत चढायची, पलीकडे उतरायचं, रांगत जायचं आणि फायर करायचा. आनंदाची पाळी आली, त्याचं होल्स्टर डाव्या कमरेला. एक गोळी सुटली, मग नुसतं टिक. क्षणभर थांबून त्यानं मॅगझिनच्या बुडावर तळहात मारला, वरची स्लाइड ओढली आणि पुढच्या सगळ्या गोळ्या टार्गेटवर घातल्या.

पिस्तूल अडलेलं बघून ट्रायल घेणाऱ्या बोर्डाच्या कर्नल साहेबांचा वायरलेसवर आवाज आला. "फायरर थ्री, स्टॉपेज? ओव्हर."

आनंदाच्या मागं उभ्या असलेल्या अंपायरनं उत्तर दिलं, "स्टॉपेज क्लिअर. गोली में नुक्स होगा. ओव्हर."

गोळीत दोष असेल तर स्लाइड ओढल्यावर ती गोळी बाहेर पडायला हवी. मी जाऊन शोधली. उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या केसेस होत्या, न फुटलेली गोळी कुठंच नव्हती. मी आनंदाला बाजूला घेतलं.

"गोळी कुठं हाय?"

"नव्हतीच," तो म्हणाला. "मॅगझिन खाली सरकलं हुतं. भिताडाला घासून बटण दाबलं गेलं."

"कंचं?"

"डाव्या अंगाचं. उजव्या हातवाल्यांचं."

मला सगळं कळलं. हे बोर्डाला सांगितलं तर दोन बटणांचं एक होणार, आणि ते एक कुठल्या अंगाला राहणार हे उघड होतं. न सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं. खरं सांगायचं तर त्यानं गप्प बसावं असं मला वाटत होतं. त्याची हौस मोडलेली मला बघवली नसती.

आनंदा बूट झाडत म्हणाला, "उद्या ही वस्तू कुणाच्याबी कमरंला असंल. त्याचं मॅगझिन ऐन टायमाला पडलं तर? माज्या एकट्याची सोय गेली तर जाऊ दे."

तो सरळ कर्नल साहेबांपुढं सावधान उभा राहिला आणि झालं ते सांगितलं. साहेबांनी अपेक्षेप्रमाणे म्हटलं, "तो फिर एक साइड रखो, पुराने जैसा. लेफ्टी होते कितने हैं?" मॅडमचा चेहरा उतरला. पण त्या वाद घालत बसल्या नाहीत. त्या आनंदाला भिंतीपाशी घेऊन गेल्या आणि त्याला परत परत चढायला लावलं.

"आनंदा, प्रत्येक वेळी तुम्हाला नको असलेलंच बटण घासतंय ना? तुमचं तर अंगाकडे आहे, आत."

"व्हय मॅडम."

"आणि उजव्यांना तुमचं घासणार. म्हणजे दोन्ही बाजूंना हवंय, पण एकाच वेळी नकोय."

पुढचे काही दिवस त्या वर्कशॉपमध्येच होत्या. त्यांनी एकच बटण केलं, पण असं, की आर्मररनं बारीक पिन दाबून काढलं तर फिरवून दुसऱ्या अंगाला बसतं. पहिल्यांदा ते मला काढायला दिलं. मी स्प्रिंग उडवून घालवली आणि आम्ही तिघं गुडघ्यावर बसून ती शोधत होतो. मॅडमनी खाच बदलली, मग जमलं. आनंदा त्या भिंतीवरून इतक्यांदा गेला की त्याचे कोपर सोलून निघाले. मॅगझिन हललं नाही. कर्नल साहेबांनी पिस्तूल दोन्ही हातांत धरून बघितलं आणि म्हणाले, "ठीक है. पास."

त्या दिवशी मेसमध्ये आनंदा डाव्या हातानं जेवला.

पास होणं वेगळं आणि पल्टणीत येणं वेगळं. फायली फिरत राहिल्या. आमची पल्टण फील्डला, म्हणजे चकमकींच्या भागात गेली. आनंदा हवालदार झाला. एका सकाळी आमच्या कंपनीनं एका गावाला घेरा घातला होता. मी कंपनी पोस्टवर वायरलेस सेटच्या शेजारी हत्यारं साफ करत होतो.

"वन हिट. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

"हवालदार आनंदा."

आणखी काही आलं नाही. मी हातातली रायफल खाली ठेवली आणि तिथंच बसून रडलो. नवं पिस्तूल असतं तर तो वाचला असता असं मी म्हणणार नाही. तो रायफलवर होता, आणि पहिली गोळी त्यालाच लागली. पण ते पिस्तूल इशू होऊन त्याच्या कमरेला लागलं नाही, याचा राग मला आजही येतो.

मग एकदाची नव्या पिस्तुलांची पेटी आली. मी पहिल्या पिस्तुलाचं बटण डाव्या हाताचं करून कोतमध्ये, म्हणजे हत्यारखान्यात ठेवलं. चार दिवसांनी परत फिरवलं. ते ज्याला मिळणार होतं तो उजवा होता, आणि हत्यार आठवणीसाठी नसतं.

पेन्शनीत आल्यावर आनंदाच्या गावी गेलो. त्याची आई दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिला भिंतीची, बटणाची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता थांबली.

"त्या हाताला म्या लय मारलंय," ती म्हणाली. "जेवताना बांधून ठेवायची. वंगाळ दिसतं म्हणून."

मी सुपातली एक शेंग उचलून फोडली.

"मग आता ते डाव्यालाबी चालतंय?"

"व्हय आई. समद्या पल्टणीत."

"त्याच्यावर आनंदाचं नाव हाय?"

"न्हाई. नुसता नंबर असतोय."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"मग तू सांगत ऱ्हा," ती म्हणाली.

म्हणून सांगतो. हवालदार आनंदा माळी, तालुका कवठे महांकाळ. डावखुरा होता.