भावाचे केस कोण कापतं

माणसाला झिडकारायला आपल्याकडे शब्दांची ददात नाही. हिणवावं, उडवून लावावं, चारचौघांत पाणउतारा करावा, नाहीतर हिंग लावूनही विचारू नये. सलूनमधल्या ताईच्या वाट्याला आलं ते मात्र फार सभ्य होतं. भावाच्या खुर्चीत गिऱ्हाईक, बाकड्यावर तीनचार जण ताटकळलेले, आणि ताई आपल्या रिकाम्या खुर्चीमागे उभी. ती पांढरं कापड झटकायची, म्हणजे या, बसा. बाकड्यावरचा पहिला माणूस हसून म्हणायचा, "असू दे, मी थांबतो." आता यावर भांडायचं तरी कसं?

बेकरीवाले तर वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. पहाटेपासून भट्टीपुढे उभे राहून यायचे, बाकड्यावर टेकले की डुलक्या काढायचे, भाऊ मोकळा झाला की चष्मा त्याच्या हातात देऊन बसायचे, पण ताईच्या खुर्चीत बसायचं नाव घ्यायचे नाहीत. गल्लीने तिला 'दुसरी खुर्ची' म्हणायला सुरुवात केली होती. तिच्या कानावर येईल एवढ्या मोठ्याने.

खरं तर वडिलांनी कात्री धरायला शिकवलं ते तिलाच. धाकटा भाऊ तेव्हा वस्तरा दिसला की पळ काढायचा. पुढे वडिलांचे हात थरथरू लागले आणि भावाला शिकवायची पाळी ताईवर आली. त्याने हात बसवला तो तिच्याच केसांवर. त्या दिवसांत ती डोक्याला रुमाल बांधून फिरायची आणि कुणी विचारलं तर ऊन लागतं म्हणायची. मग ती लग्न होऊन गेली. नवरा वारला, ती परत आली, तोवर वडीलही गेले होते आणि दारासमोरची मोठी खुर्ची भावाची झाली होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं, सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. गृहीत धरणं हे ठरवण्यापेक्षा वाईट, कारण त्याचा जाब कुणाला विचारणार?

यातली गंमत अशी, की गल्लीत सगळ्यात सुरेख कापलेले केस भावाचे असायचे. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, आणि दुसऱ्याच्या दुकानात गळ्याला कापड बांधून बसला तर त्याची अब्रू जाते. भावाला ती चिंता नव्हती. तो स्वयंपाकघरात स्टूल ओढायचा, दार लोटून घ्यायचा आणि ताई त्याचे केस कापायची. गिऱ्हाइकांनी विचारलं, की हा पठ्ठ्या सांगायचा, "मित्र आहे एक, लांब राहतो." हे तो बोलायचा तेव्हा ताई तिथेच केर काढत असायची. बेकरीवाले परके, त्यांचं काय मनावर घ्यायचं? पण हे तिला झोंबायचं. तरीही ती मूग गिळून बसली, कारण निदान खुर्ची तरी होती.

मग एक दिवस जेवताना भावाने विषय काढला. दुसरी खुर्ची विकून टाकू, तिथे अजून एक बाकडं ठेवू, लोकांना उभं राहावं लागतं. तू टॉवेल वगैरे बघ, दगदग कमी होईल तुझी. हे सगळं त्याने अगदी मायेने सांगितलं, आणि रविवारी दुपारी घेणारा येणार हेही सांगितलं. तो रविवार महिन्यावर होता, कारण घेणारा तोवर गावाला गेला होता. ताईने ताट उचललं आणि ती मोरीकडे गेली.

दोन दिवसांनी त्याने स्टूल ओढलं. ताई भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली.

"केस वाढलेत," तो म्हणाला.

"दिसतायत. दुकानात ये. रविवारी सकाळी, माझ्या खुर्चीत."

भाऊ हसला. ती हसत नाही हे लक्षात आल्यावर त्याने विचारलं, "लोक काय म्हणतील?"

"तेच ऐकायचंय मला."

एक रविवार गेला, दुसरा गेला. ताईने अबोला धरला नाही. वाढायची, विचारपूस करायची, फक्त त्याच्या केसांना हात लावत नव्हती. भावजयीने रदबदली करून पाहिली, तिलाही वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. केस कानांवर आले. शेवटी भावाने दोन आरसे धरून स्वतःच कात्री चालवली आणि कानामागे असा खड्डा पाडला, की शिकाऊ पोराने पाडला असता तर त्याने त्याला हाकललं असतं. तो टोपी घालून काम करू लागला. टोपी घातलेल्या न्हाव्याकडे लोक कसे बघतात, ते वेगळं सांगायला नको.

घेणारा यायचा त्या रविवारी सकाळी बाकडं गच्च भरलं होतं. भावाने हातातलं गिऱ्हाईक संपवलं, ताईजवळ आला आणि हळूच विचारलं, "शटर अर्धं खाली घेऊ?"

"नको."

त्याने टोपी काढली आणि बसला. ताईने कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं. बाकड्यावरच्यांनी माना वळवल्या. खड्ड्याच्या बेताने तिने आजूबाजूचे केस उतरवत आणले, कंगवा, कात्री, कंगवा, कात्री, आणि हळूहळू जुनी सुरेख मान पुन्हा दिसू लागली.

"अरे," बेकरीवाले म्हणाले, "हे तर तुझ्या त्या मित्रासारखंच झालं."

भावाचे कान लाल झाले. तो आरशात ताईकडे बघत राहिला. "मित्र-बित्र कुणी नाही, काका. माझे केस हीच कापते. पहिल्यापासून."

ताईचे डोळे भरून आले. पण हातात कात्री होती, म्हणून तिने पाणी तिथेच आवरलं आणि दुसरा कान घेतला.

काम झालं. भाऊ उठला. पाळी बेकरीवाल्यांची होती. ते सवयीने मोठ्या खुर्चीकडे वळले, तर भाऊ त्या खुर्चीमागे उभाच राहिला नाही. तो सरळ बाकड्यावर जाऊन बसला.

"ताई मोकळी आहे," तो म्हणाला. "मी थोडा बसतो."

बेकरीवाले दोन रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध उभे राहिले. ताईने या म्हटलं नाही, कापडही झटकलं नाही. तिला आता कुणाची मनधरणी करायची नव्हती. ती ताठ उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बघत राहिली.

बेकरीवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, एकदा पुसला आणि तिच्या हातात दिला.