शून्य किंवा एक

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. रत्नागिरीत निराधार बायकांना दरमहा धान्य देणाऱ्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरवर होते. त्या वर्षी आई गेली आणि मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. काम मात्र चोख करायचे.

अर्जांवरचे शब्द कॉम्प्युटरला शोधासाठी उपयोगाचे नसत, त्याला आकडा लागे. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती: पतीच्या रकान्यात ‘मयत’ असेल तर शून्य, बाकी काहीही असलं तरी एक. एक म्हणजे हयात. धान्याची यादी निघे ती शून्यवाल्यांची. ओळ आटोपशीर होती, आणि मला तिचा जरा माजच होता.

एकदा मंडणगडकडची एक बाई पहिल्या एसटीने आली. नवरा मुंबईला गोदीत होता, बारा वर्षं त्याचं पत्र नाही. यादीत आपलं नाव का नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिचा अर्ज पडद्यावर काढला आणि मान न वळवता सांगितलं, “मावशी, तुमचे मालक हयात आहेत. इथे तसं आलंय.”

ती बाकावर बसली.

“मिशनीत आलंय म्हंजे कुठनं तरी कळलं आसंल ना गं बाय?”

कागदावर त्या रकान्यात ‘ठावठिकाणा नाही’ असं लिहिलेलं होतं. एक हा आकडा माझा होता. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी “हं” म्हटलं.

“बारा वर्सं झाली म्हनून दीर सोमवारी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकनार व्हते. आता नको सांगते.” तिने कपाळावरचं कुंकू बोटाने चाचपलं आणि निघाली.

संध्याकाळी मी ती ओळ बदलली. ठाऊक नसेल त्याला नऊ दिला आणि शोधात शून्याबरोबर नऊही घेतला. तिचं नाव यादीत आलं, धान्याचं पत्र गेलं. मला वाटलं, निस्तरलं.

पंधरा दिवसांनी पत्र परत आलं. मागे गावच्या गुरुजींच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘अर्जदार धान्य नाकारते. पती हयात असल्याचे आपल्याच कार्यालयातून समजले.’ खाली तिचा अंगठा होता.

शरम वाटायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. नाव यादीतून काढायचं तर आकडा बदलावा लागे. मी तिच्या नवऱ्यापुढे पुन्हा एक टाकला, या वेळी स्वतःच्या हाताने, आणि डबा खायला गेले.