समोरच्या खुर्चीत

मला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. ताप नाही, खोकला नाही; सकाळी दोन भाकरी खाऊन मी फायनल खेळायला गेले होते. साथीच्या त्या वर्षी आमच्या कॅरम स्पर्धेत रोज आत शिरण्याआधी नाकात काडी घालून तपासायचे, आणि काडीनं नको ते दाखवलं की बाहेर. आयोजकांपैकी एकजण मास्क वर ओढत लांबूनच म्हणाला, "ताई, आमच्या हातात काय न्हाय. नियम हाय." मी म्हटलं, "मग परत तपासा की." परत तपासलं. काडी आपल्या म्हणण्यावर ठाम.

लग्नाआधीपासून मी खेळतेय, पण उपांत्य फेरीच्या पुढे कधी सरकले नव्हते. त्या वर्षी एकही सामना न हरता फायनलला पोचले होते. समोर बार्शीची एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिला पुढे चाल मिळाली आणि चषकही मिळाला. हरले असते तर गपगुमान घरी आले असते, हरायची मला चांगली सवय आहे. न खेळता परत येण्याची नव्हती.

घरी येऊन मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात. तर आमचे मालक मंद्रूपचे, बोलका माणूस. पण त्या दिवसांत ताट दाराबाहेर ठेवून कडी वाजवायचे आणि लांब ओसरीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. गल्लीतल्या बायका माझ्या खिडकीवरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायच्या. त्यांचा राग यायचा, आणि त्या नजरेआड झाल्या की त्यांचीच आठवण यायची. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. आजाराचं काही नव्हतं, डोक्यातून तो न खेळलेला सामना जात नव्हता.

खोलीत स्टुलावर माझा कॅरमबोर्ड होता आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एका दुपारी उठले, बोर्डावर पावडर मारली, सोंगट्या मांडल्या. फायनल खेळायचीच. माझी पाळी संपली की उठायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं आणि त्या बार्शीच्या मुलीसारखं खेळायचं. तिचे सामने मी मागं उभी राहून बघितले होते. ती घाई करत नाही. नेम धरण्याआधी स्ट्रायकर ओढणीला पुसते. हाताशी सोपी सोंगटी असली तरी आधी राणीच्या मागं लागते. कॅरममध्ये सामना चालू असताना खुर्चीवरून उठायचं नाही असा नियम आहे. मी प्रत्येक पाळीला उठत होते. नियमानं तरी मला कुठं विचारलं होतं!

पहिला गेम माझा, दुसरा तिचा. तिसऱ्यात गुण बरोबरीत आले आणि शेवटच्या डावात दोघींची एकेक सोंगटी उरली. माझा नेम हुकला. उठून पलीकडं बसले. तिची सोंगटी पॉकेटच्या अगदी तोंडाशी होती. हुकवणं माझ्याच हातात होतं, कोण बघणार होतं? स्ट्रायकर जरा तिरका सोडला की झालं. पण असली सोंगटी तिनं अख्ख्या स्पर्धेत एकदाही सोडली नव्हती. मी स्ट्रायकर पदराला पुसला आणि हळूच मारला. सोंगटी आत गेली.

सामना संपला की समोरच्याशी हात मिळवून उठायचं, हे मला भावांनी लहानपणीच शिकवलेलं. स्पर्धेत साथीमुळं त्यालाही बंदी होती. इथं कोण अडवणार? मी बोर्डावरून हात पुढं केला. समोर माझी रिकामी खुर्ची होती. मग मात्र मी रडले. स्पर्धेतून बाहेर काढलं त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

कडी वाजली. ताट ठेवून मालक लांब गेले आणि तिथूनच म्हणाले, "दुपारधरनं टकटक चाललीया. कोण जिंकलं?"

"बार्शीची."

मालकांनी विचारलं, "चांगली खेळली का?"

"लई चांगली," मी दारामागून म्हटलं. "पर मीबी सहज सोडलं न्हाय तिला."