चेअरमन बसले की बंद पडणारी गाडी

ठार बंद पडलेली गाडी आली तर मला काही वाटायचं नाही. तिचं दुखणं धरता येतं. माझं डोकं फिरायचं ते मधूनच बंद पडणाऱ्या गाडीनं. रस्त्यात ती तमाशा करते आणि मिस्त्रीच्या दारात आणली की बघायला पाहुणे आलेल्या पोरीसारखी गुणाची होते.

जळकोटला हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचो. बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला होता, पण त्याची धाकटी भावंडं दर दोन-चार वर्षांनी येऊन जात. अशाच एका कोरड्या उन्हाळ्यात दूध संघाची पांढरी अॅम्बेसेडर माझ्याकडं सारखी येऊ लागली. संघाकडं दूध कमी आणि बैठका जास्त, असा काळ होता तो. चेअरमन रोज त्या गाडीतून चाऱ्याच्या छावण्या बघत हिंडायचे.

गाडीचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. बौद्ध घरातला, मॅट्रिक झालेला, मोजकं बोलणारा. सहा वर्षं संघात रोजंदारीवर होता आणि येत्या बैठकीत त्याला कायम करायचा विषय निघणार होता. वयानं मोठ्या माणसाला अहोजाहो करायची आपली रीत, पण त्याला मी सरळ अरेतुरे करायचो. का, ते मला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

"मिस्त्री, चालता चालता इंजन गप होतंया," तो म्हणाला. "बॉनेट उघडून आपटलं की परत चालू."

मी पॉइंट बघितले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, बॅटरीची टोकं घासली. गाडी दिवसभर दुकानापुढं खडखडत राहिली, एकदाही बंद पडली नाही. चार दिवसांनी तो परत आला. मग परत. तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला.

"तूच कायतरी करतुयास. वायरीला हात लावायची खोड हाय तुला."

"न्हाय मिस्त्री. म्या एकटा दोनदा वाशीच्या छावणीला जाऊन आलो, गाडी खोकली बी न्हाय. सायेब बसले की बंद पडती."

आता हे काय ऐकायचं. गाडीला काय कळतंय कोण बसलंय ते?

पण संघात त्याचं उत्तर तयार होतं. चेअरमनसोबत कायम मागच्या सीटवर बसणारे एक संचालक होते. त्यांनी शोधून काढलं की डॅशबोर्डावर देवीची फ्रेम आहे, गाडीत बसणारा प्रत्येक जण तिला हात लावून पाया पडतो, हा एकटा पडत नाही. देवी किती दिवस सोसणार? चेअरमन तसे व्यवहारी. त्यांचं म्हणणं, देवीबिवी काही नाही, ह्याला उन्हात फिरायचा कंटाळा येतो म्हणून हा मुद्दाम बंद पाडतो. दोघांची कारणं वेगळी होती, पण गुन्हेगार एकच. सोमवारी बैठक होती. त्याआधी गाडी का बंद पडते ते कळलं नाही, तर कायम करणं राहिलं बाजूला, दुसरा ड्रायव्हर बघायचा, असं ठरलं.

"मिस्त्री, एकदा सायबासंगं बसून चला," ड्रायव्हर म्हणाला. हे तो पहिल्या खेपेपासून म्हणत होता. मी दर वेळी, मला काय दुसरा धंदा नाही का, असं म्हणून उडवून लावलं होतं. ह्या खेपेला त्यानं हात जोडले नाहीत की काही नाही, नुसता उभा राहिला. मी हत्यारांची पिशवी उचलली.

शनिवारी सकाळी आम्ही तुळजापूरकडं निघालो. चेअरमन पुढं, मागं मी आणि संचालक. संचालकांनी पाय पसरले होते, त्यामुळं मी दाराला चिकटून बसलो होतो. वाटेतल्या खंडोबाच्या देवळासमोर आलो आणि इंजिन गप झालं.

"घ्या," संचालक म्हणाले.

मी उतरून टेस्ट लॅम्प लावला. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलला करंट नव्हता. ऊन डोक्यावर, संचालकांचं तोंड चालू, मला असा राग आला की मी मडगार्डला एक लाथ घातली. टेस्ट लॅम्प पेटला. म्हणजे किल्लीपासून कॉइलपर्यंतच्या वायरीत कुठंतरी तुटलं होतं आणि धक्क्यानं परत जुळत होतं. माझ्या स्वभावाचा धंद्यात झालेला हा एवढाच उपयोग.

पुढं निघालो. आता मी पुढच्या दोन सीटच्या मधून मान काढून ड्रायव्हरच्या हातांवर डोळा ठेवला. त्यानं दोन्ही हात स्टेअरिंगवर वरच्या बाजूला धरले होते, मला नीट दिसतील असे. एवढे वर धरून कुणी गाडी चालवत नाही. नळदुर्ग मागं पडलं. रस्त्याच्या कडेला म्हसोबाचं शेंदूर लावलेलं ठाणं आलं. चेअरमननी हात पुढं केला, देवीच्या फ्रेमवर चार बोटं दाबली, कपाळाला लावली.

इंजिन गप.

मी पुढच्या दारातून आत शिरून डॅशबोर्डाखाली उताणा झालो. किल्लीच्या मागून निघालेली वायर सापडली. वरून रबर साबूत, पण एका जागी बोटाला मऊ लागत होतं. आतली तार वाकून वाकून तुटली होती. आणि तिला वाकवणारं जे होतं ते तिच्यावर टेकलेलं होतं: वरची फ्रेम बसवलेल्या स्क्रूचं टोक, पत्र्यातून अर्धा इंच खाली आलेलं. फ्रेम दाबली की टोक वायरीला ढकलत होतं. स्क्रू दीड इंची होता. असले स्क्रू त्या टापूत माझ्याच डब्यात असायचे.

आदल्या दसऱ्यात, खंडेनवमीला ही गाडी पूजेला माझ्याच दुकानापुढं उभी होती. चेअरमननी तुळजापूरहून फ्रेम आणली होती. एवढ्याशा फ्रेमला छोटा स्क्रू पुरला असता, पण देवीचं काम, पक्कं व्हायला पाहिजे, म्हणून मी डब्यातला सगळ्यात मोठा काढला. लांब होतोय, असं कुणीतरी म्हणालं होतं. कोण ते आठवत नव्हतं.

मी तसाच पडून राहिलो. वायर बदलून, स्विच गेला होता, असं सांगितलं असतं तर माझ्यावर काहीच आलं नसतं. गाडी नीट चालली असती. आणि संघात म्हणाले असते, बघा, दम दिल्यावर ड्रायव्हरनं खोडी थांबवली.

बाहेर येऊन मी सगळं सांगितलं. स्क्रू माझा, हेही सांगितलं.

मडगार्डला परत लाथ घालून मी करंट आणला. चेअरमननी इंजिन चालू करायला लावलं आणि स्वतः फ्रेम दाबली. बंद. परत लाथ, परत चालू, परत दाबली. बंद. असं त्यांनी चार वेळा केलं. चौथ्या वेळी नमस्कार करायचा राहिला.

"तरी पण देवीच्या मनात..." संचालकांनी सुरू केलं.

"तुम्ही गप बसा," चेअरमन म्हणाले. ड्रायव्हरला मात्र ते काही बोलले नाहीत. मी तिथंच नवी वायर ओढली, छोटा स्क्रू बसवला आणि आम्ही तुळजापूर गाठलं.

सोमवारी त्याला कायम केलं. मंगळवारी तो कागद घेऊन दुकानात आला. मी चहा मागवला. चूक कबूल करायची मला सवय नाही, तरी म्हणालो, "माझ्यापायी तुझी भाकरी जात होती. मला लई वाईट वाटतंय."

"मला ठावं होतं," तो म्हणाला.

"काय ठावं होतं?"

"सायबांनी फ्रेम दाबली की बंद पडती. संक्रांतीपासनं ठावं होतं."

मी कप खाली ठेवला. "मग बोलला का न्हाईस?"

"देवीला हात लावला की गाडी बंद पडती, हे म्या सांगायचं? सायबाला?" तो सावकाश म्हणाला. "त्याच दिशी घरी बसलो असतो. कुण्या दुसऱ्याच्या डोळ्याला दिसल्याबिगर जमत नव्हतं. म्हणून तुमाला चला म्हणत होतो."

"अरं पण मला तरी सांगायचं."

त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

"तुमाला सांगितलं होतं की. खंडेनवमीलाच. स्क्रू लांब होतोय म्हणलो, तर तुमी म्हणला, तू गाडी चालव."

मला लाज वाटली. असंच म्हणालो होतो मी.

"बसा," मी म्हणालो. "तुम्ही चहा घ्या आधी."