तोंडपाठ तक्ता

बंदुकीच्या नळीत काय चालतं हे आजवर कोणी आत बसून पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर सांगायला बाहेर आलं नसतं. पण कारखान्यात काडतुसं तपासणाऱ्या मावशींना ते स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ठाऊक होतं. दूध कधी उतू जाईल हे त्यांना कधीच कळलं नाही. दारूच्या दाण्यादाण्याचा स्वभाव मात्र त्या ओळखून होत्या.

नवरा सायकली दुरुस्त करायचा, म्हणून त्याला त्यांनी त्याच्याच भाषेत शिकवलं होतं. "अहो, तुमचा पंप उलटा चालतोय असं समजा. तुम्ही दट्ट्या दाबता आणि हवा दबते. इथे दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला दट्ट्यासारखा बाहेर ढकलतो. जोर किती? तुमच्या ट्यूबमधल्या हवेच्या हजारपट."

"मग नळी पंक्चर होत नाही?"

"होऊ नये म्हणून तर मला पगार देतात."

गंमत अशी, की सगळा दिमाख सुरुवातीचाच. गोळी बोटभर सरकते न सरकते तोच दाब शिगेला पोहोचतो. मग गोळी पळत सुटते, तिच्यामागे जागा वाढत जाते आणि दाब उतरतो. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या दीड भागात सगळा संसार आटोपतो. एकदा पापणी लवेपर्यंत असे शंभर संसार मांडून मोडतील.

एवढ्या घाईच्या पाहुण्याचा जोर मोजायचा कसा? चाचणीच्या नळीला एक भोक, भोकात छोटा दट्ट्या आणि दट्ट्यावर तांब्याचा वाटाण्याएवढा तुकडा. बार झाला की वायू दट्ट्याला रेटतो आणि तुकडा चेपतो. चेपलेल्या तुकड्याची उंची मावशी मायक्रोमीटरने मोजत, मग किती उंचीला किती दाब ते लिहिलेल्या तक्त्यात बघून दाब सांगत. बघून म्हणजे काय, गेली नऊ वर्षं तक्ता ड्रॉवरमध्ये झोपला होता. मावशी तुकडा मोजत, छताकडे बघत आणि आकडा सांगत. पाहुणे आले की छताकडे जरा जास्त वेळ बघत.

त्या दिवशी मात्र परीक्षा होती. नव्या तरुण इंजिनिअरबाईंनी विजेचं मशीन आणलं होतं. बार होताच पडद्यावर दाबाचा डोंगर उमटायचा. तांबं जरा सुस्त, ते एवढ्या झटपट पुरतं चेपत नाही, म्हणून मावशींचा आकडा मशीनपेक्षा कमी येणार हे सगळ्यांना मान्य होतं. कारखान्याच्या साहेबांनी अट घातली : दहा बार. दोन आकड्यांमधलं अंतर दहाही वेळा जवळपास तेच राहिलं, पन्नासपेक्षा जास्त हललं नाही, तर मावशींचं टेबल राहील. नाहीतर टेबल बंद आणि मावशी स्टेशनरीच्या खिडकीत, पेन्सिली वाटायला.

"मावशी, घाबरलात?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

"तुझ्या मशीनला विचार. त्याचा पहिला दिवस आहे."

पहिला बार. मशीन म्हणालं पस्तीसशे ऐंशी, छताकडे बघून मावशी म्हणाल्या बत्तीसशे. पाच बारांपर्यंत अंतर कसं पाटावर बसल्यासारखं स्थिर. तुकड्यांची डबी संपली. मावशींनी नवी फोडली. सहावा बार. मशीन पस्तीसशे सत्तर. मावशी : "एकोणतीसशे."

सातवा तसाच, आठवाही.

"पोरी, दाब उतरलाय आणि तुझं यंत्र जुनाच आकडा धरून बसलंय," मावशी म्हणाल्या.

इंजिनिअरबाईंचा चेहरा पडला. त्यांनी वायरी तपासल्या, पुन्हा तपासल्या. "असेल. परत पाठवावं लागेल. माझंच चुकलं, साहेब, घाई केली."

मावशींवर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेल्या साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग ठरलं. मावशींचं टेबल राहील."

जिंकल्या की मावशी. पण हात सवयीने चेपलेले तुकडे ओळीत मांडत होते, आणि सहाव्यापासूनचे तीन जरा उंच होते. काडतुसं तीच, मशीनचे आकडे तेच, मग हे कमी का चेपले? मावशींनी नव्या डबीत बोट घातलं. तळाशी घडी घातलेला कागद होता. नवं तांबं, थोडं कडक. त्याचा तक्ता वेगळा. नऊ वर्षं एकाच लॉटचं तांबं वापरून, नवा लॉट तर नवा तक्ता, हे स्वतःच दहा जणांना शिकवलेलं मावशीच विसरल्या होत्या.

कागद कोणी पाहिला नव्हता. पदराच्या एका टोकात मावला असता.

"थांबा हो," मावशी म्हणाल्या. "पोरीचं यंत्र ठीक आहे. मीच गाढव आहे."

त्यांनी कागद टेबलावर पसरला. इंजिनिअरबाईंनी ओळीवर बोट ठेवून आकडे वाचले : सहावा बार एकतीसशे ऐंशी, सातवा एकतीसशे नव्वद. आठव्याचं अंतरही जाग्यावर आलं.

"अजून दोन बार राहिलेत," साहेब कडक आवाज काढायचा प्रयत्न करत म्हणाले. "आणि मावशी, छताकडे बघायचं नाही."

नववा झाला. दहाव्याला मावशींनी मायक्रोमीटर तीनदा लावून पाहिला. इंजिनिअरबाईंनी तक्ता वाचला, वजाबाकी केली, पुन्हा केली. "तीनशे पंच्याण्णव. बसलं, मावशी, बसलं." साहेबांनी तिथेच सही ठोकली : तांबं राहील, मशीनही राहील, तक्ता टेबलावर राहील.

मावशी नवऱ्याच्या सायकलींच्या दुकानात पोहोचल्या त्या जवळजवळ धावतच.

"अहो, आज मी चुकले."

नवऱ्याने पाना खाली ठेवला. "एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकतोय. पुन्हा म्हण."

"पुन्हा नाही म्हणणार," स्टूल ओढत मावशी म्हणाल्या, "पण कशी चुकले ते ऐका. फार भारी चूक आहे."