मेट्रनचं चित्र

आमच्या गल्लीतल्या सिस्टरांनी सुई टोचली नाही असा दंड अख्ख्या अंबडात सापडायचा नाही. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण नोकरी काही सुटली नाही. दारात आलेल्या भाजीवाल्याला भेंडीचा भाव विचारायच्या आधी त्या जीभ बाहेर काढायला लावतात. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर पत्रिका बाजूला ठेवून म्हणाल्या, "सर, डोळे पिवळे दिसून राह्यलेत. लग्न होत राहील, आधी रक्त तपासा." तपासलं, कावीळ निघाली. तेव्हापासून त्यांचा शब्द मोडायची माझी तरी हिंमत नाही.

खुद्द त्यांच्यावर हुकूम चालवणारी एकच होती, त्यांची बकरी. दवाखान्यातल्या सगळ्यात वरच्या नर्सबाईला मेट्रन म्हणतात, म्हणून हिचं नावही मेट्रन. आई मेलेलं दोन दिवसांचं करडू सिस्टरांनी बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. सिस्टर एकट्याच, मग घरात दोघी झाल्या. ओसरीवरच्या खुर्चीत मेट्रन बसायची आणि सिस्टर खाली चटईवर. म्हातारपणी तिचे दात पडले, तेव्हा सिस्टर दुधात भाकरी कुस्करून तिला हातानं भरवायच्या. मागच्या उन्हाळ्यात गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "सिस्टर, हिचं वय झालं. आता हिला औषध न्हाई." सिस्टरांनी मान हलवली, चपला घातल्या आणि तडक पेंटरकाकांचं घर गाठलं.

हे पेंटरकाका एकेकाळी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांच्या हाती घरांना चुना मारायचं काम उरलं. "सिस्टर, मोबाइलवरून फोटो काढून मोठा करून घ्या," ते म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "शंभर फोटो हायेत. एकातबी ती माझ्याकडं पाहून न्हाई राह्यली. तुमी चित्र काढा." पेंटरकाकांना तरुणपणी कुत्रं चावलं होतं आणि पोटातल्या चौदाच्या चौदा सुया सिस्टरांनी दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ब्रश घेऊन ओसरीवर हजर झाले.

त्यांनी आजवर सिंह भरपूर काढले होते, बकरी एकही नाही. पहिल्या चित्रात मेट्रनला आयाळ आली. "ही बकरी हाय का सरपंच?" सिस्टरांनी विचारलं आणि सगळं पुसायला लावलं. मेट्रननं पेंटरकाकांची टोपी खाल्ली, ती दाताशिवाय कशी खाल्ली हे कुणालाच कळलं नाही. सिस्टरांनी त्यांचं बीपी मोजलं, मीठ बंद केलं आणि रोज अळणी पिठलं जेवायला घातलं. खरी अडचण निराळीच होती. सिस्टरांचा हात मानेवर असला तरच मेट्रन उभी राहायची. हात उचलला की चालू लागायची. म्हणून सिस्टर आठ दिवस तिच्याशेजारी वाकून उभ्या राहिल्या.

चित्र झालं. मीही बघायला गेलो होतो. मेट्रन हुबेहूब आली होती आणि तिच्या मानेवर एक हात होता, मनगटापर्यंतच.

"माझा हात कशाला काढला?" सिस्टर कडाडल्या. "पुसा तो."

"पुसतो," पेंटरकाका घाबरत म्हणाले. "पण सिस्टर, हात पुसला तर ती उभी कशी राहील?"

सिस्टर चष्मा लावून चित्राजवळ गेल्या. "शीर बराबर आलीय," त्या म्हणाल्या. "इथं सुई पटकन लागंल." हात राहिला.

पुढे पंधरा दिवसांनी मेट्रन गेली. सिस्टर आमच्यासमोर रडल्या नाहीत. खड्डा किती खोल हवा, हे त्यांनीच उभं राहून सांगितलं. पेंटरकाका अजून दर सोमवारी बीपी दाखवायला येतात, मीही जातो. ओसरीवर चित्राखालीच आम्हाला बसवतात. मनगट धरून नाडी मोजता मोजता सिस्टरांची नजर वर जाते आणि आकडा चुकतो. "थांबा, परत मोजते," म्हणून त्या एकपासून सुरू करतात. घाई आम्हा दोघांनाही नसते.