नाव सोडून बाकी सगळं

ती मुलींना नावानं हाक मारत नसे. हाताची बोटं वर करायची आणि आकडा सांगायची. "सात, पीछे." "चार, सोना है तो घर जाके." टीममध्ये चौदा मुली होत्या, त्यामुळे घरी मराठीला इंग्लिशमधून उत्तर देणाऱ्या आमच्या पोरी दोन आठवड्यांत हिंदीत चौदापर्यंत मोजायला शिकल्या. माझी ईशा सात नंबर.

मला ही पद्धत पटली. मी शिकागोच्या एका विमा कंपनीत आकडे ताडून पाहण्याचं काम करतो. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्या टीमचा मॅनेजरही मीच होतो. मॅनेजर म्हणजे काय, ते तुमच्यापैकी ज्यांची मुलं शनिवारी सॉकर खेळतात त्यांना ठाऊक आहे: ज्याला खेळातलं काही कळत नाही पण यादी ठेवता येते, असा पालक.

ती कोच म्हणून आली तेव्हा तिशीची असावी. दिवसभर एका गोदामात पॅकिंग करायची, संध्याकाळी मैदानावर. तिच्या देशाच्या मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची ती गोलकीपर होती. देशाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. तिकडे सरकार बदललं आणि मुलींनी मैदानावर पाय ठेवणंच बंद झालं. संघातल्या काही जणींना विमानात जागा मिळाली, काहींना नाही. हिला मिळाली. आई, वडील आणि धाकटी बहीण मागे राहिले. त्यांचे कागद व्हावेत आणि ते इकडे यावेत, यापलीकडे तिला काही नको होतं. महिन्यातून एकदा ती वकिलाकडे जाऊन यायची आणि त्या दिवशी मुलींना जास्त पळवायची.

तिचं हिंदी आपल्या टीव्ही मालिकांवर पोसलेलं होतं. गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या चौदा नंबरला ती सासूच्या आवाजात बजावायची, "चौदह, इस घर की इज्जत तुम्हारे हाथ में है." कडेला थंडीत कुडकुडणारे आम्ही पालक हसायचो. मुलींना पळवताना म्हणायची, "बस, आखरी बार." त्या धापा टाकत परत आल्या की तितक्याच गंभीरपणे, "झूठ बोला." पुढं पुढं मुलीच आधी ओरडायला लागल्या, "कोच, झूठ!"

माझ्या बायकोनं, माधवीनं, तिला एकदा आकड्यांबद्दल विचारलं. प्रॅक्टिस संपली होती, दोघी आमच्या गाडीत हीटर लावून चहा पीत होत्या.

"आमचं मैदान भिंतीच्या आत होतं," ती हिंदीत म्हणाली. "भिंतीच्या पलीकडे बाजार. नावानं हाक मारली की पलीकडच्या पुरुषांना कळायचं कुणाची मुलगी आत आहे. आकडा कुणाच्याच बापाचा नसतो."

माधवी म्हणाली, "आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायच्या. अजून लग्नात घ्यायला लावतात."

उखाणा म्हणजे काय ते समजावून घेतल्यावर ती म्हणाली, "बाजी," म्हणजे ताई, "तुमच्याकडे नाव घेतलं की लोक टाळ्या वाजवतात. हे बरं आहे."

मी पुढच्या सीटवर होतो. सगळं ऐकलं होतं. पण ती तिकडची गोष्ट, असं मी धरून चाललो.

मार्चमध्ये आमच्या मराठी मंडळानं महिला दिनाला तिचा सत्कार ठरवला. सेक्रेटरी बोरकर मूळचे नागपूरचे. त्यांचा मला फोन आला. "परिचय तू लिही बुवा. दणदणीत पाहिजे."

ती एका अटीवर तयार झाली. फोटो नको. बोरकर वैतागले. "अरे, शाल देताना फोटो नाही, तर शाल कशाला द्यायची?" शेवटी कॅमेरा पडद्याकडे वळवून ठेवायचं ठरलं. पुण्या-नागपुरातले आई-वडील लाइव्ह बघतात, त्यांना आवाज तरी जावा म्हणून. कॅमेऱ्याचं तोंड वळवलंय की नाही, ते मी स्वतः दोनदा पाहिलं.

परिचयासाठी मी तिच्याकडून आकडे घेतले. देशासाठी एकोणीस मॅच. खाल्लेले गोल सेहेचाळीस.

"छियालीस मत बोलना, भाईसाब."

"खरं असेल तर सांगायला हवं."

"फिर तो उन्नीस भी रहने दो. लोग भागाकार करेंगे." 'भागाकार' हा शब्द ती माझ्याकडूनच शिकली होती. मी हसलो आणि सेहेचाळीस खोडले.

मग तिनं आपण होऊन वडिलांबद्दल सांगितलं. ते शिंपी. पहिले गोलकीपरचे हातमोजे त्यांनी रजईचं कापड दुमडून शिवले होते, दुकानाचं दार आतून लावून. हे सांगताना ती हातांकडे बघत होती. मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं, आणि पूर्ण परिचय तिला हिंदीत करून ऐकवला. मधली एक ओळ तेवढी ऐकवली नाही. त्यात नुसतं नाव होतं. नाव काय ऐकवायचं, असं वाटलं. ते मी क्लबच्या फॉर्मवरून घेतलं होतं, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट. आपल्यात वडिलांच्या नावाशिवाय नाव पुरं होत नाही. पाहुणीचं अर्धं नाव वाचणं मला बरं दिसलं नसतं.

हॉलमध्ये एकशे सव्वीस माणसं होती; खुर्च्या मीच मांडल्या होत्या. मी वाचायला लागलो. तिला मराठी येत नव्हतं, त्यामुळे पहिली काही वाक्यं ती हसतमुख बसली होती. मग तिचं नाव आलं, पाठोपाठ वडिलांचं, मग गावाचं. तिनं मान वर केली. हातमोज्यांच्या गोष्टीला टाळ्या थांबेनात. तिनं शालीचं टोक मुठीत धरलं होतं. मला वाटलं, भारावली.

जेवणाच्या वेळी तिचं ताट तसंच होतं. "ये बाहर तो नहीं जाता?"

"एकही फोटो नाही," मी म्हणालो. "मी जातीनं पाहिलंय."

ते खरं होतं.

कुणीतरी त्या लाइव्हमधला परिचयाचा तुकडा कापला. चित्र पडद्याचं, आवाज माझा. खाली इंग्लिशमध्ये तिचं नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि 'अशा बापाला सलाम'. चांगल्या मनानंच नेटवर टाकला. तो तिच्या देशाच्या इथल्या लोकांनी कौतुकानं पुढं पाठवला, आणि असा तो जिथं जायला नको होता तिथं गेला. मला कळलं तोवर त्याला अठरा दिवस झाले होते. बोरकरांनी माझ्या फोननंतर वीस मिनिटांत काढायला लावला. म्हणाले, "काढलं बुवा. पण आपण चांगलंच बोललो होतो ना तिच्याबद्दल?"

त्या शनिवारी ती प्रॅक्टिसला आली नाही. दोन सीझनमध्ये पहिल्यांदा.

रविवारी दुपारी घरी आली. आत बसली नाही, दारातच उभी राहून सांगितलं. वडिलांनी मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं की थोरलीचं लग्न करून दिलं, ती सरहद्दीपलीकडे असते. आता माणसं दुकानात आली आणि त्यांना घेऊन गेली. दोन दिवसांनी सोडलं. दुकानाला कुलूप आहे. तिघं दुसरीकडे आहेत, कुठे ते तिनं सांगितलं नाही. कागदांवर पत्ता त्या दुकानाचा आहे. व्हिसाचं बोलावणं आलं तर त्या कुलपावर येणार. आणि आता इथं तिलाही अनोळखी नंबरांवरून फोन येतात, तू कुठं राहतेस म्हणून.

"बाबांनी विचारलं, माझं नाव कुणी दिलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, मी."

माधवी माझ्याकडे बघत होती.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"हाँ," ती म्हणाली.

मग तीच म्हणाली, "आप बुरे नहीं हो, भाईसाब. आप पूरा लिखते हो."

म्हणून इथं पूर्ण लिहिलेलं नाही. वडिलांचा धंदा मी बदलला आहे, मॅचेसचे आकडेही बदलले आहेत. जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहायची माझी ही पहिलीच वेळ. ती आता या राज्यात आहे की नाही हेही मला माहीत नाही, म्हणून नेपरव्हिल तेवढं खरं लिहिलं.

तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन बॅगा आणि एक उशी होती. माधवीनं घाईघाईनं डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी भरली. तिनं डबा घेतला, माधवीला मिठी मारली. ईशा जिन्यात उभी होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी गाडीपर्यंत गेलो. रस्त्याच्या कडेला अजून मळकट बर्फ होतं. "कहाँ जा रही हो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही.

"आपको नहीं बताऊँगी."

गाडी सुरू केली, पण हलवली नाही. आमच्या घरासमोरून डावीकडे गेलं की शिकागो, उजवीकडे गेलं की पश्चिमेकडे जाणारा हायवे. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती. मी आत जाण्याची ती वाट बघते आहे, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मी आत आलो, दार लावलं. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. माधवी तिकडे निघाली होती. तिला मी हातानं थांबवलं. आम्ही तिघं मागच्या खोलीत जाऊन बसलो, गाडीचा आवाज जाईपर्यंत.